दहा बियांवरून वाण परत उभं करताना: गावरान भोपळा आणि कलिंगड

गोव्यात बार्देश तालुक्यात पर्रा नावाचं गाव आहे. मनोहर पर्रीकरांचं हे गाव, आणि एके काळी कलिंगडांसाठी नावाजलेलं. पर्रीकर लहानपणची एक आठवण सांगायचे. मे महिन्यात हंगाम संपताना तिथला एक शेतकरी गावातल्या पोरांना बोलावून हवी तेवढी कलिंगडं खाऊ घालायचा. अट एकच, बी चावायची नाही, भांड्यात टाकायची. पोरांपुढे ठेवलेली फळं शेतातली सगळ्यांत मोठी आणि गोड असायची, कारण पुढच्या वर्षीचं बियाणं त्यांतूनच निघायचं. पुढे शेती मुलाच्या हाती गेली. मोठ्या फळाला बाजारात जास्त पैसे मिळतात म्हणून ती विकायला गेली, पोरांपुढे बारकी आली आणि बीही बारक्यांचंच राहिलं. दर वर्षी फळ थोडं थोडं लहान होत गेलं. पर्रीकर मुंबईतलं शिक्षण आटोपून काही वर्षांनी परतले, तेव्हा ती जुनी कलिंगडं बाजारात दिसेनाशी झाली होती.

वाण कसं जातं ते या गोष्टीत आहे, आणि कसं राखायचं तेही. डबीत बी जपून ठेवलं म्हणजे वाण वाचलं असं होत नाही. उत्तम फळ बियाला सोडायचं, ते बी दोन-तीन वर्षांत एकदा तरी मातीत घालायचं आणि चार घरी द्यायचं, एवढं झालं तरच ते राहतं. तुमच्या हाती कुणी मूठभर बी दिलं असेल किंवा एखादा अनोळखी भोपळा मिळाला असेल आणि यापूर्वी घरचं बी कधी धरलं नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. भर लाल भोपळा आणि कलिंगडावर आहे. दुधी, तवसं, चिबूड यांचं वेगळं काही असेल तिथे ते सांगितलं आहे.

आधी शोध

विचारपूस करायला निघालात की पहिला घोळ नावांचा होतो. लाल भोपळ्याला कुठे तांबडा भोपळा म्हणतात, कुठे डांगर, काशीफळ, गंगाफळ. विदर्भात त्यालाच कोहळं म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात कोहळा म्हटला की माणसाच्या डोळ्यांपुढे पेठ्याचा पांढरा कोहळा येतो. विदर्भ-मराठवाड्यात कलिंगडाचं टरबूज होतं. म्हणून नावावर विसंबू नका. फळ बघा, निदान बी बघा.

आठवडी बाजारात एकाच आकाराच्या भोपळ्यांचा ढीग दिसला तर तिथे फारसं हाती लागत नाही. कडेला दोन-तीन वेगवेगळ्या घडणीचे भोपळे घेऊन बसलेली बाई दिसली, तर तिच्यापाशी थांबा. बी कुठून आलं, किती वर्षं लावताय, दर वर्षी घरचंच धरता का, सगळी फळं सारखी येतात का, भोपळा माळ्यावर किती महिने टिकतो, घारग्यांना चांगला की भाजीला, हे सगळं विचारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या. घरी जाऊन लिहू म्हटलं की अर्धं विसरतं. बियाणं दुकानातल्या संकरित पाकिटातून आलेलं असेल तर त्याची पुढची पिढी आईवर जाईल याची खात्री नाही. ते वाचवण्यात वर्ष घालवू नका.

बी जपणं हे आपल्याकडे बहुतेक घरांत बायकांनीच केलं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच घराघरांतली गावरान बियाणी गोळा करून बियाणे बँक उभी केली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा घरात गेलात की आधी म्हाताऱ्या बाईशी बोला. भिंतीवर शेणात थापलेल्या बिया, चुलीवर धुरात टांगलेला वाळका दुधी, फडक्यात बांधलेली पुरचुंडी या गोष्टी तीच दाखवते.

आणि ‘ते आता कुठेच नाही हो’ हे उत्तर शेवटचं मानू नका. अमेरिकेत १९२६ मध्ये बाजारात आलेलं एक कलिंगड होतं, गडद हिरव्या सालीवर पिवळे ठिपके आणि मधेच एखादा मोठा पिवळा डाग, म्हणून ‘मून अँड स्टार्स’. पुढे ते विक्रीतून गेलं आणि हरवलं असंच सगळे धरून चालले. १९८० मध्ये मिसूरी राज्यात मेकन गावाजवळ एका शेतकऱ्याकडे ते सापडलं. तो माणूस आपला ते दर वर्षी लावत होता. आज जगभर बागांतून ते दिसतं.

शक्य असेल तर बियांऐवजी पूर्ण पिकलेलं फळ मागा. एका भोपळ्यात दोनशे-तीनशे बिया सहज निघतात. पण एक फळ म्हणजे एकच आई, हे लक्षात ठेवा. त्याच गावात तेच वाण आणखी दोन घरांत असेल तर तिथूनही थोडं घ्या, पुरचुंड्या मात्र वेगळ्या ठेवा.

कोणाचा संकर कोणाशी होतो

वेलवर्गातली सगळी पिकं एकमेकांत मिसळतात असा समज आहे. तो खरा नाही. एका जातीतली वाणं आपसांत मिसळतात, वेगळ्या जातीशी सहसा नाही. भोपळा आणि कलिंगड शेजारी लावले तरी बिघडत नाही. कोहळा भोपळ्याशी मिसळत नाही, दुधीही नाही.

भोपळ्यात मात्र मुख्य जाती तीन आहेत, आणि त्या ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे देठ. आपला नेहमीचा गावरान डांगर बहुतेक वेळा मोस्चाटा जातीचा असतो. त्याचा देठ कडक, पाच धारांचा आणि फळाला टेकतो तिथे फुलासारखा पसरलेला असतो. मॅक्झिमाचा देठ जाड, गोलसर आणि बुचासारखा मऊ असतो. पेपोचा, म्हणजे झुकिनीच्या कुळातल्यांचा, धारदार आणि कडक असतो पण फळापाशी पसरत नाही. तुमच्याकडे दोन डांगर असतील आणि दोन्हींचे देठ पसरट असतील, तर ती मिसळणार हे धरून चाला.

कलिंगड कुठल्याही कलिंगडाशी मिसळतं, आणि सध्या उन्हाळ्यात आसपास संकरित कलिंगडाचे प्लॉट असतातच. कोकणातलं चिबूड आणि बाजारातलं खरबूज एकाच जातीची, त्यांचा संकर होतो. तवसं ही काकडीच, ती काकडीशी मिसळते, चिबडाशी नाही. दोडका आणि घोसाळं यांचाही एकमेकांशी संकर होऊ शकतो.

इथे मी स्वतः फसलो, म्हणून सविस्तर सांगतो. पहिल्या वर्षी मी एक चपटा, खोल खापांचा डांगर लावला. दोन शेतं पलीकडे दुसरा भोपळा होता. तरी माझी फळं हुबेहूब मूळ फळासारखी आली, आणि मी निश्चिंत होऊन सगळं बी धरलं, लोकांत वाटूनही टाकलं. दुसऱ्या वर्षी एका वेलाला लांबट फळं, दुसऱ्याला गुळगुळीत गोल. कारण साधं होतं. फळाची साल आणि गर हा आईचा भाग असतो. परका पराग पडला तरी यंदाच्या फळावर त्याची खूण दिसत नाही, तो बियांत उतरतो आणि पुढच्या पिढीत बाहेर येतो. त्या वाणाचं जुनं बी मी मागे ठेवलं नव्हतं.

मधमाशी सहज लांबवर जाते. दोन वाणांत निदान अर्धा ते एक किलोमीटर अंतर हवं, आणि मधे उघडं रान असेल तर जास्तच. एवढी मोकळीक फार थोड्यांकडे असते. म्हणून नवख्यानं अंतराच्या भरवशावर न राहता हातानं परागसिंचन, म्हणजे नर फुलाचा पराग मादी फुलाला लावणं, शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं बी रुजवणं

हाती आलेलं सगळं बी एकदम पेरू नका. कितीही मोह झाला तरी निदान एक तृतीयांश मागे ठेवा. पाऊस, उंदीर, रानडुक्कर, एखादी आजाराची साथ, काहीही एका रात्रीत सगळं नेऊ शकतं.

भोपळ्याचं आणि कलिंगडाचं बी नीट ठेवलेलं असेल तर चार-पाच वर्षं चांगलं उगवतं, काकडीचं त्याहून थोडं जास्त. शेणात थापलेलं किंवा नुसत्या डब्यात राहिलेलं बी किती जुनं आहे हे देणाऱ्यालाही आठवत नसतं. अशा वेळी एक-दोन बिया फोडून पाहायला हरकत नाही. आतला मगज पांढरा, भरलेला, घट्ट असेल तर आशा आहे. पिवळा-तपकिरी, सुरकुतलेला किंवा खवट तेलाचा वास येणारा असेल तर ती बी गेली. पाण्यात टाकून तरंगली ती वाईट, बुडली ती चांगली, ही परीक्षा भोपळ्याला लावू नका. चांगली भरलेली भोपळ्याची बीही पुष्कळदा तरंगते, आणि या परीक्षेपायी लोक चांगलं बी फेकतात.

मी असं करतो. बिया साध्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालतो, त्याहून जास्त वेळ नाही, कारण जुनं बी फार भिजलं तर गुदमरतं. बारा तासांनी उपसून धुतलेल्या सुती फडक्यात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरवतो आणि फडकं गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवतो. फडकं ओलं हवं, पिळलं तर पाणी ठिबकता कामा नये. डबा ऊबदार जागी, २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. थंडीत माझा डबा फ्रिजच्या बाहेर, मागच्या ऊबदार बाजूला असतो. वीस अंशांच्या खाली कलिंगडाचं बी नुसतं कुजतं. रोज एकदा उघडून हवा द्यायची, बुरशी दिसली तर बी धुऊन फडकं बदलायचं.

ताजं बी चार-पाच दिवसांत मोड काढतं. जुन्याला दोन, कधी तीन आठवडे लागतात. आठवड्यानंतरही हालचाल नसेल तर नेलकटरनं बीची कड किंचित उघडायची, टोकदार बाजू सोडून. मूळ त्या टोकातूनच निघतं, तिथे लोखंड लागलं की संपलं. कवच पुष्कळदा इतकं टणक झालेलं असतं की एवढ्यानंच पाणी आत जातं. दहांतल्या दोनच रुजल्या तरी हिरमुसू नका. दोन वेलांवर, खरं तर एका वेलावरही, वाण उभं राहतं. भोपळावर्गीय पिकं स्वतःच्याच परागावर लगेच खंगत नाहीत, ही त्यांची मोठी कृपा आहे.

मोड अर्धा-पाऊण सेंटीमीटरचा झाला की कागदी पेल्यात, खाली भोक पाडलेल्या नारळाच्या करवंटीत किंवा पिशवीत लावा, मूळ खाली, दोन सेंटीमीटर खोल. या वेलांना मुळं हललेली सोसत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वेगळं घर द्या. जुन्या बियाच्या रोपाला कधीकधी टरफल डोक्यावर अडकतं आणि दोन्ही दळं उघडत नाहीत. ओढून काढू नका. पाण्याचा थेंब सोडा, तासाभरानं मऊ झालं की बोटानं अलगद सरकवा.

लागवड

डांगर आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशीही लावतात आणि उन्हाळीही. निव्वळ बियासाठी पहिल्यांदा लावत असाल आणि पाण्याची सोय असेल, तर मी उन्हाळी हंगाम घ्यायला सांगेन. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, थंडी ओसरेल तसं. पावसाळ्यात फुलात पाणी शिरून पराग फुकट जातो, फळमाशी जास्त, आणि काढलेलं बी वाळवायचं कुठे हा प्रश्न राहतो. जानेवारीत लावलेल्या वेलाचं बी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सावलीतही खडखडीत वाळतं. कलिंगड तर उन्हाळ्याचंच. नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डे घेऊन ते लावायची जुनी रीत आहे.

दीड-दोन फुटांचं आळं करून त्यात घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. रोपाला तीन-चार पानं आली की लावा. डांगराच्या दोन ओळींत अडीच-तीन मीटर, कलिंगडाच्या दोन मीटर अंतर. जागा असेल तर सहा ते बारा वेल धरा. नसेल तर असतील तेवढे. लहान रोपांवर लाल भुंगेरे तुटून पडतात. पहाटे थंडीत ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका आणि रोपांवर राख धुरळा.

एखाद्या वेलाची पानं पिवळी-हिरवी ठिगळं पडून चुरगळली, शेंडा आखडला, तर तो मोझॅक हा विषाणूचा रोग आहे. वेल दुर्मीळ आहे म्हणून जीव तुटतो, पण इतर वेल असतील तर तो उपटून टाका. मावा तो रोग पुढच्या वेलावर नेतो, आणि रोगट वेलाचं बी कुणाला देण्याजोगं राहत नाही.

हातानं परागसिंचन

पेरणीनंतर महिना-दीड महिन्यानं फुलं सुरू होतात. आधी फक्त नर फुलं येतात, लांब सडसडीत देठावर. आठवड्याभरानं मादी फुलं दिसू लागतात, त्यांच्या बुडाशी इवलंसं फळ असतं. भोपळ्यात ते मटाराएवढं असल्यापासून ओळखू येतं, आणि फळाचा पुढचा आकारही त्यातच दिसतो.

काम दोन टप्प्यांत आहे. एक संध्याकाळी, दुसरं सकाळी.

संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास वेलावर फिरा. उद्या उमलणारी कळी लांबट फुगलेली असते आणि तिच्या टोकाला हिरव्यातून पिवळा-केशरी रंग डोकावतो. अजून पूर्ण हिरवी असेल तर तिला दोन दिवस आहेत. टोक जरा जरी उघडलं असेल तर सोडून द्या. उद्याच्या मादी कळ्या शोधा आणि प्रत्येकीमागे दोन-तीन नर कळ्या, जमलं तर दुसऱ्या वेलावरच्या. सगळ्यांची टोकं दोऱ्यानं किंवा कागदी चिकटपट्टीनं बांधा. कपडे वाळत घालायचा चिमटाही चालतो. घट्ट आवळू नका, मुंगी शिरणार नाही एवढंच. शेजारी काठी रोवून खूण करा, सकाळी दाट पानांत कळी सापडत नाही.

सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ. भोपळ्याचं फूल पहाटेच उमलतं आणि दहाच्या आत मिटायला लागतं. ऊन चढलं की पराग मरगळतो. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोलून काढा, मधला पिवळा दांडा उरतो. बोटाला पिवळी भुकटी लागली तर पराग तयार आहे. मग मादी फुलाची बांधणी सोडा. आत तीन जाड पाकळ्यांसारखी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, असते. तिन्ही भागांना दांडा हळुवार घासा, दुसऱ्या नर फुलानं पुन्हा, तिसऱ्यानं पुन्हा. एकच बाजू चोळली तर फळ वाकडं होतं आणि बी कमी भरतं. हे करताना एखादी सातेरी किंवा पोया मधमाशी फुलात शिरली, तर ते फूल बियासाठी बाद समजा. ती कुठून आली हे आपल्याला माहीत नसतं.

लगेच पाकळ्या मिटवून पुन्हा बांधा. फळाच्या देठाला रंगीत सुतळीचा सैल फास घाला, देठ पुढे जाड होतो. चिठ्ठीवर तारीख लिहा. वेल वाळला की सुतळ्या हरवतात, म्हणून फळ मुठीएवढं झाल्यावर मी नखानं सालीवर एक बारीक फुली ओरखडतो. फळ वाढतं तशी खूणही वाढते आणि शेवटपर्यंत राहते.

चार-पाच दिवसांत फळ फुगायला लागलं तर साधलं. पिवळं पडून गळलं तर पुन्हा करा. पहिल्या खेपेला दहांतली पाच टिकली तरी चांगलं समजा. त्या वेलावर आधीच आपोआप धरलेली फळं असतील तर ती कोवळी असतानाच काढून भाजी करा. पोटात फळ असलेला वेल नवं फळ धरायला कुचराई करतो.

कलिंगडाचं हे सगळं असंच, फक्त नाजूक. फुलं बोटाच्या पेराएवढी, बांधायला अवघड. त्यावर कापसाचा पातळ पापुद्रा गुंडाळा किंवा मलमलीची छोटी पिशवी चढवा. ते सूर्य वर आल्यावर उमलतं, त्यामुळे आधी भोपळा उरकून मग कलिंगडाकडे वळता येतं. काही गावरान कलिंगडांच्या मादी फुलात कुक्षीभोवती परागकोशही असतात. त्याची चिंता करू नका, स्वतःच्या परागानं वाण बिघडत नाही, फूल झाकलेलं असलं म्हणजे झालं. कलिंगडात गळ फार होते. रोज सकाळी चार-पाच फुलं अशी आठवडाभर करत राहा.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही. तिथे कळी दुपारी झाकायची आणि सिंचन संध्याकाळी करायचं.

कोणतं फळ बियाला

वेलावर हातानं सिंचन करून धरलेलं पहिलं सुदृढ, आईसारखं फळ बियाला. ते कितीही खावंसं वाटलं तरी.

पण पहिल्याच वर्षी निवड फार कडक करू नका. गावरान वाणात मुळातच थोडा फरक असतो, कुणी चपटं, कुणी किंचित उंच, कुणाच्या खापा खोल. तो फरक म्हणजे त्याची ताकद आहे. अमुक आकारच हवा म्हणून एकाच फळाचं बी धरलं तर ती ताकद जाते. पहिल्या पिढीत निरोगी असलेल्या सगळ्या वेलांचं थोडं थोडं बी घ्या. दोन-तीन पिढ्या पाहिल्यावर काय मूळचं आणि काय भेसळीचं हे डोळ्यांना कळायला लागतं. देणाऱ्या घरी फोटो नेऊन दाखवा. तिथली माणसं एका नजरेत सांगतात.

चवीबाबत एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. फळ कापल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका, ते फळ खाऊ नका आणि त्याचं बीही धरू नका. या वर्गात कुकुरबिटासिन नावाचं विषारी कडू द्रव्य असतं, आणि शिजवून ते जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत.

वाढत्या फळाला फळमाशी डंख करून आत अंडी घालते. सुतळी बांधलेल्या फळांना मुठीएवढी होईपर्यंत कागदाची किंवा जाळीच्या कापडाची पिशवी घाला, आसपास क्यू ल्यूरचे, म्हणजे नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे, सापळे लावा, किडकी फळं खोल पुरा. कलिंगडाखाली गवताची चुंबळ ठेवा, ओल्या मातीवर बूड सडतं.

फळ कधी काढायचं, बी कसं काढायचं

बियाचं पिकणं आणि खाण्याचं पिकणं वेगळं. काकडी, तवसं आणि दुधी आपण कोवळे खातो, त्या फळांत बी तयारच नसतं. बियाचं तवसं वेलावर पिवळं-तांबूस होऊ द्यायचं. दुधी सुकून हलका होईपर्यंत, आत बी खुळखुळेपर्यंत तसाच ठेवायचा.

डांगर साधारण तीन-चार महिन्यांनी तयार होतो. देठ वाळतो आणि सालीत नख रुतत नाही. चार बोटं देठ ठेवून कापा. लगेच फोडू नका. महिनाभर, जमलं तर दोन महिने, कोरड्या जागी ठेवा. बी आत भरत राहतं, आणि लगेच काढलेल्या बियांपेक्षा ते जास्त टपोरं निघतं. आपल्याकडे भोपळा शिंक्यात घालून आढ्याला टांगायची पद्धत होती, तिचा असाही उपयोग होता. कलिंगडाच्या फळाजवळचा ताणा वाळला, जमिनीला टेकलेला भाग पिवळा झाला आणि टिचकीचा आवाज जड आला की ते खायला तयार. बियाला ठेवलेलं आणखी आठ-दहा दिवस वेलावर राहू द्या.

भोपळ्याचं बी गरातून सोडवून पाण्यात चोळून धुतलं की झालं. कलिंगडाचंही धुऊन चालतं. गर चिकटून राहिला तर एक दिवस रसातच ठेवून मग धुवा. काकडी आणि तवशाच्या बियांभोवती बुळबुळीत पापुद्रा असतो. तो जायला बी त्याच रसात एक-दोन दिवस आंबवावं लागतं, त्याहून जास्त नाही, नाहीतर भांड्यातच मोड येतात.

वाळवणं आणि साठवणं

ओलं बी कागदावर पसरू नका, चिकटतं. सुपात, चाळणीत किंवा स्टीलच्या ताटात पातळ थर द्या, वाऱ्याच्या सावलीत, दिवसातून दोनदा हलवत. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन ओल्या बियाला लावू नका, ३५ अंशांच्या वर ते आतून भाजतं. दहा-पंधरा दिवसांनी भोपळ्याची बी वाकवून पाहा. वाकली तर अजून वेळ आहे, कट्कन मोडली तर वाळली.

बियाणेशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. बियातली ओल एक टक्क्यानं घटली की त्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणून ओल काढणं सगळ्यांत महत्त्वाचं. राखेत, शेणात, चुलीच्या धुरात बी ठेवायच्या आपल्या जुन्या रीती ओल आणि कीड दोन्ही लांब ठेवतात, आणि वर्षभरासाठी त्या उत्तम आहेत. चार-पाच वर्षं ठेवायचं असेल तर काचेची घट्ट झाकणाची बाटली घ्या. तळाशी सिलिका जेलची पुडी, किंवा तांदूळ कोरडे भाजून पूर्ण गार करून फडक्यात बांधा, बियांइतकेच. वर बियांची कागदी पाकिटं. आठवड्यानं तांदळाची पुरचुंडी बदला. मग बाटली फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत, म्हणजे निदान काही तास, उघडू नका. गार बियांवर हवेतली ओल बसते आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाकिटावर वाणाचं स्थानिक नाव, गाव, कोणाच्या घरून आलं, किती वेलांचं बी, हातानं परागसिंचन केलं की उघडं, आणि वर्ष. ‘गोड भोपळा’ एवढंच लिहिलेली पाकिटं मी पाहिली आहेत, त्यांचा काही उपयोग होत नाही.

वाटणं

बी तयार झालं की त्याचे तीन भाग करा. एक तुमचा. एक ज्या घरून आणलं त्या घरी परत. पुष्कळदा त्यांच्याकडचं मधल्या काळात संपलेलं असतं. तिसरा दूरच्या गावातल्या एखाद्या लावणाऱ्याला, जिथे तुमच्या गावची गारपीट पोचणार नाही.

यात कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी साठवायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. फारच दुर्मीळ काही हाती लागलं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोशी बोला. त्यांचं एक प्रादेशिक केंद्र विदर्भातल्या अकोला शहरात आहे. परदेशात राहणाऱ्यांनी मात्र सुट्टीवरून परतताना बॅगेत बी टाकून नेऊ नये. बहुतेक देशांत त्याला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र आणि परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण बियाबरोबर रोगही जातो.

बी देताना पाकिटात वीस-पंचवीस बिया पुरतात. सोबत हातानं लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा: कधी लावायचं, देठ कसा दिसतो, शेजारी काय लावू नये, आणि पहिल्या फळाला सुतळी बांधून ते बियाला सोडायचं.